परिसरातील प्रश्न आणि रहिवासी संघ: पहिल्या नोंदीपासून निकालापर्यंत

रहिवासी संघ बहुधा एखाद्या संतापातून जन्माला येतो. रस्त्यावरचा दिवा महिनोन्महिने बंद असतो, गटार पुन्हा पुन्हा तुंबते, किंवा भरधाव वाहनाखाली एखादे मूल येता येता वाचते, आणि त्या संध्याकाळी वीस-पंचवीस माणसे एकत्र जमून आता काहीतरी केलेच पाहिजे असे ठरवतात. हा संताप खरा असतो, पण तो फार तर दोन-तीन आठवडे टिकतो आणि प्रश्न त्याहून कितीतरी अधिक काळ टिकतो. म्हणून लोकांचा राग ताजा असतानाच त्याचे लेखी नोंदींमध्ये रूपांतर करावे, हे माझे मुख्य सांगणे आहे. ज्या संघाकडे नीट ठेवलेली वही असते, त्याचे म्हणणे टाळणे कोणत्याही कार्यालयाला जड जाते.

आधी नोंद, मग तक्रार

1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणत्या घरांत झाले आणि त्या घरांतील लोक पाणी कोठून आणत होते याची माहिती गोळा केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास झालेले दिसत होते. ही माहिती त्यांनी तेथील स्थानिक मंडळापुढे ठेवली आणि 8 सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती हे खरे, पण परिसरातील लोकांसाठी यातील बोध आजही तितकाच उपयोगी आहे. स्नो यांनी केवळ आजारी घरे मोजली नाहीत, तर आजार जेथे झाला नाही अशा जागांचाही विचार केला. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार या साथीतून वाचले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. त्याच भागातील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे प्रथम पटले नव्हते, परंतु घरोघरी ओळख असल्यामुळे त्यांनी स्वतः बारकाईने चौकशी केली आणि साथीच्या उगमाशी जोडलेले, पंपाला लागूनच असलेल्या घरातील एका तान्ह्या बाळाचे आजारपण त्यांच्याच चौकशीतून पुढे आले.

यावरून संघाने तीन सवयी लावून घ्याव्यात. पहिली म्हणजे प्रश्न जेथे आहे तेथील नोंदीबरोबर तो जेथे नाही तेथीलही नोंद ठेवणे: एका गल्लीत पाणी तुंबते आणि शेजारच्या गल्लीत तुंबत नाही, तर कारणाचा शोध या फरकापासूनच सुरू होतो. दुसरी म्हणजे सगळ्या नोंदी एका साध्या नकाशावर मांडणे. तो हाताने काढलेला असला तरी चालतो. तिसरी सवय अशी की ज्याला आपले म्हणणे पटत नाही अशा एखाद्या प्रामाणिक शेजाऱ्यालाच चौकशीत सामील करून घ्यावे, कारण त्याने तपासून मान्य केलेल्या गोष्टीला वेगळेच वजन येते.

वहीत दिनांक, वेळ, नेमके ठिकाण, काय दिसले आणि कोणी पाहिले एवढे रकाने पुरतात. दिव्याचा प्रश्न असेल तर खांबावरचा क्रमांक लिहावा. गटाराचा असेल तर कोणते झाकण, आणि पाणी कोणत्या घराच्या पायरीपर्यंत आले ते लिहावे. ‘नेहमी’, ‘कायम’, ‘कोणीच लक्ष देत नाही’ असे शब्द वहीत येऊ देऊ नयेत, कारण अशा एका शब्दाला अपवाद सापडला की इतर सगळ्या नोंदींवरचा विश्वास डळमळतो. छायाचित्रे शक्यतो एकाच जागेवरून आणि एकाच कोनातून, एखादी स्थिर खूण चौकटीत ठेवून काढावीत. आवाजाच्या प्रश्नात मोबाइलवरील मापनाचा आकडा पुरावा म्हणून पुढे करू नये, कारण ते उपकरण प्रमाणित केलेले नसते. आवाज किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला आणि महिन्यातून किती रात्री झाला ही नोंद त्याहून भक्कम असते.

प्रश्न नेमका कोणाच्या हातातला?

पुरेशा नोंदी जमल्या की प्रत्येक प्रश्नाविषयी तो कोण सोडवू शकतो हे ठरवावे. अनेक संघ येथेच घसरतात आणि स्वतः करण्याजोग्या कामासाठी वर्षभर अर्ज लिहीत बसतात.

डासांचेच उदाहरण घेऊ. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराभोवती साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. याचा अर्थ असा की कुंड्यांखालच्या ताटल्या, निरुपयोगी टायर, उघडी पिंपे आणि गच्चीवरचे भंगार आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून तपासले, तर डासांची पैदास मध्येच तुटते. नुसते पाणी ओतून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही अनेक महिने टिकतात, म्हणून भांडे आतून घासावे लागते. हे काम एका घराने केले आणि शेजारच्याने केले नाही तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि ते सगळ्यांकडून करून घेण्यासाठीच संघ हवा असतो.

दोन रहिवाशांमधील वाद ही वेगळी बाब आहे. वाहन लावण्याची जागा, पाळीव प्राणी, वरच्या घरातून ठिबकणारे पाणी अशा वादांत संघाने न्यायाधीश होऊ नये. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक जंगले, कुरणे, मासेमारीची ठिकाणे आणि कालवे लोक पिढ्यान्पिढ्या एकत्र कसे सांभाळतात याचा अभ्यास केला. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या: नियम ज्यांना लागू होतात त्यांचा ते ठरवण्यात वाटा असतो, देखरेख वापरणारेच करतात किंवा ती करणारे त्यांना जबाबदार असतात, पहिल्या चुकीला सौम्य दंड असून तो पायरीपायरीने वाढतो, आणि भांडण मिटवायला जवळचे व स्वस्त ठिकाण उपलब्ध असते. यातील सौम्य सुरुवातीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. पहिल्याच चुकीला सूचनाफलकावर नाव लावले, तर तो शेजारी पुढची अनेक वर्षे प्रत्येक ठरावाच्या आड येईल. त्याच्या घरी जाऊन दोघांनी शांतपणे बोलले, तर बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीची गरजच पडत नाही. मात्र मारहाण, धमकी किंवा घरातील हिंसा यांत संघाने मध्यस्थी करत बसू नये. तेथे पीडित व्यक्तीची सुरक्षितता आधी पाहावी, तिच्या इच्छेचा मान राखावा आणि पोलिसांची मदत मिळवून द्यावी.

मागणी अरुंद ठेवावी

उरतात ते प्रशासनाने सोडवायचे प्रश्न. ‘आमच्या भागातील वाहतुकीचा प्रश्न सोडवा’ ही मागणी वाचून कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही, आणि काही न केल्याबद्दल त्याला जाबही विचारता येत नाही. अमुक वळणावर, अमुक दोन खांबांच्या दरम्यान, पादचाऱ्यांसाठी पट्टे आखावेत असे लिहिले की उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी यावेच लागते.

मागणी मोठी असेल तर तिचा प्रयोग मागावा. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातून मोठा रस्ता काढण्याची, शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांची योजना होती. शर्ली हेज या तेथेच राहणाऱ्या आईने 1952 पासून त्याविरुद्ध शेजाऱ्यांना संघटित केले आणि पुढे लेखिका जेन जेकब्स यांच्यासह इतरांनी ती बाजू लावून धरली. 1958 मध्ये उद्यान वाहनांसाठी प्रथम प्रायोगिक स्वरूपात बंद करण्यात आले. आजूबाजूच्या रस्त्यांवर कोंडी होईल हे भाकीत खरे ठरले नाही आणि पुढे ती बंदी कायम झाली. ‘कायमचे बंद करा’ या मागणीत अधिकाऱ्याला जबाबदारीचे ओझे दिसते, तर ‘एक महिना करून पाहा आणि मोजा’ या मागणीत त्याला माघारीची वाट दिसते. प्रयोगापूर्वीची आणि प्रयोगादरम्यानची मोजणी मात्र संघानेही स्वतंत्रपणे करून ठेवावी.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणून वेगातील थोडीशी घटसुद्धा धडकेची तीव्रता बरीच कमी करते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस निवासी रस्त्यांची रचनाच बदलण्याचे प्रयत्न सुरू झाले. झाडे, बाके आणि वळणे अशी मांडली गेली की चालकाला माणसाच्या चालीने वाहन चालवावे लागे. 1976 मध्ये त्या देशाने अशा रस्त्यांना कायदेशीर मान्यता दिली. ‘वाहने हळू चालवा’ असा फलक मागण्यापेक्षा वाहन आपोआप हळू होईल अशी रचना मागणे अधिक परिणामकारक असते.

निवेदन आणि पाठपुरावा

एका निवेदनात एकच विषय असावा आणि मजकूर एका पानात संपावा. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात नोंदींचा गोषवारा, शेवटी संपर्कासाठी दोन पदाधिकाऱ्यांची नावे, आणि सोबत नकाशा, छायाचित्रे व सभेच्या ठरावाची प्रत, एवढे पुरे आहे. निवेदन पदनामाने लिहावे, म्हणजे अधिकारी बदलला तरी ते निरुपयोगी होत नाही. प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये, कारण पोच नसलेले निवेदन पुढे दिलेच नव्हते असे ठरते.

त्याच दिवशी पुढच्या चौकशीची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या तारखेला एका ठरलेल्या व्यक्तीनेच विचारणा करावी; पाच जणांनी पाच वेळा फोन केला तर कार्यालयात पाच वेगवेगळी उत्तरे तयार होतात. स्थळपाहणीला अधिकारी आल्यावर गर्दी जमवू नये. रोज त्या रस्त्याने जाणारे तिघे-चौघे पुरतात, आणि त्यांत एखादी वृद्ध किंवा चाकाच्या खुर्चीतून येणारी व्यक्ती असेल तर अडचण शब्दांविना कळते. काम अडले असेल तर कशामुळे, म्हणजे निधी, परवानगी की दुसरा विभाग, हे नम्रपणे विचारावे. पुढचे निवेदन कोणाला द्यायचे हे त्या उत्तरातच असते. तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच संध्याकाळी ‘आज पाहणीच्या वेळी आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ते लिहून पाठवावे.

काम झाले की आभाराचे पत्रही तितक्याच काळजीने द्यावे. हे मी औपचारिकता म्हणून सांगत नाही. दिवसभर केवळ तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला ते पत्र लक्षात राहते.

सभा, हिशेब आणि मोबाइलवरील गट

सभेची सूचना विषयपत्रिकेसह किमान आठवडाभर आधी द्यावी, गणसंख्या, म्हणजे सभेसाठी किमान किती सदस्य हजर हवेत, हे नियमांत लिहिलेले असावे, आणि इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक व विरोधी मतेही नोंदवावीत. विरोध नोंदवला गेला की विरोध करणारा संघ सोडून जात नाही, असा माझा अनुभव आहे. सभेला जे येऊ शकत नाहीत त्यांचा विचार अधिक करावा: भाडेकरू, रात्रपाळी करणारे, लहान मुलांच्या माता, अंथरुणाला खिळलेले वृद्ध. त्यांच्याकडे दोघांनी जाऊन मत विचारून आणावे. ठरावीक दहा जणांचा संघ संपूर्ण परिसराच्या नावाने बोलू लागला की त्याचे बोलणे पोकळ होते.

पैशाविषयी थोडक्यात सांगायचे तर खात्यावर दोन सह्या, प्रत्येक जमेची पावती आणि दरमहा सर्वांना दिसेल असा हिशेब एवढे पथ्य न चुकता पाळावे.

मोबाइलवरील गट सूचना देण्यासाठी ठेवावा. निर्णय तेथे घेऊ नयेत. अनोळखी माणसाचे छायाचित्र ‘संशयित’ म्हणून तेथे टाकण्यास तर स्पष्ट मनाई असावी. असा माणूस बहुतेक वेळा पार्सल देणारा, काम शोधणारा किंवा पत्ता चुकलेला असतो, आणि अशा एका संदेशातून जमाव गोळा झाल्यास होणारी हानी कोणत्याही ठरावाने भरून येत नाही. खरी शंका असेल तर सरळ पोलिसांना कळवावे. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते त्यांच्या संमतीविना कोणालाही, जाहिरातदारांना किंवा राजकीय पक्षांनाही, देऊ नयेत.

कार्यकारिणी बदलताना निवेदनांच्या पोचप्रती, नोंदवही, इतिवृत्ते, बँकेची कागदपत्रे आणि प्रलंबित विषयांची तारखांसह यादी नव्या सचिवांकडे सही घेऊन सुपूर्द करावी, आणि जुन्या सचिवांनी पहिल्या दोन विचारणांच्या वेळी त्यांच्यासोबत कार्यालयात जावे, म्हणजे तेथील माणसांशी झालेली ओळखही सुपूर्द होते.