पाव जनावराचं बीफ घेताय? आधी फ्रीझर मोजा

अमेरिकेत शेतावरून थेट बीफ घ्यायचं तर ते 'क्वार्टर', 'हाफ' किंवा 'होल' अशा हिशोबात मिळतं. वसईत किंवा गोव्यात सकाळी बाजारातून किलोभर ताजं आणायची ज्यांना सवय आहे, त्यांचा पहिला अंदाज इथे हमखास चुकतो. पैशांचा नव्हे, जागेचा. म्हणून शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देण्याआधी हा हिशोब करा.

साधारण १२०० पौंडांचा गोऱ्हा कापला की कातडं, डोकं, आतडी वगैरे वजा जाऊन ७२० ते ७५० पौंड उरतात. हे 'हँगिंग वेट', आणि भाव बहुधा याच वजनावर लावतात. पुढे मांस १० ते १४ दिवस थंड खोलीत टांगून मुरवतात. त्यात पाणी उडतं, नंतर जादा चरबी आणि हाडं निघतात. घरी येतं ते हँगिंग वेटच्या ६० ते ६५ टक्के. म्हणजे एका क्वार्टरमागे अंदाजे ११० ते १२० पौंड, आपल्या भाषेत ५० ते ५५ किलो. सूपची हाडं, शेपूट, कलेजी मागून घेतलीत तर आणखी.

नीट रचलेलं ३५ पौंड मांस एका घनफुटात बसतं. या हिशोबाने क्वार्टरला साडेतीन घनफूट पुरायला हवेत, पण पुरत नाहीत. बरगड्या आणि हाडांची पाकिटं वेडीवाकडी असतात, मधे पोकळी राहते. शिवाय फ्रीझरमध्ये मटार, मासे, ओला नारळही असतोच. क्वार्टरला ५ घनफूट म्हणजे अगदी कोंबून, ७ म्हणजे सुखाने. हाफला १० तरी हवेत. उभा फ्रीझर घेणार असाल तर याच्या सव्वापट धरा, कारण फळ्या आणि खण जागा खातात. हातातल्या फ्रीझरचं माप काढायचं तर आतली लांबी, रुंदी, उंची इंचांत घेऊन गुणा आणि १७२८ ने भागा. लिटरमध्ये माप दिलं असेल तर २८ लिटर म्हणजे एक घनफूट.

आडवी पेटी की उभं कपाट? वर्षभर साठवायचं तर पेटी बरी. झाकण उघडलं तरी जड गार हवा आतच राहते. बहुतेक पेट्या आपोआप बर्फ वितळवणाऱ्या नसतात, आणि मांसासाठी ते चांगलंच. आपोआप वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तापमान सतत थोडं वरखाली होतं, मांस लवकर सुकतं. पेटीचा बर्फ पाव इंच झाला की मात्र हाताने काढावा लागतो. गॅराजमध्ये ठेवणार असाल तर तो कडक थंडी आणि उन्हाळा दोन्हींत चालेल असं कंपनीने लिहिलंय का, ते बघा. तिथला जीएफसीआय आउटलेट (शॉक बसू नये म्हणून आपोआप वीज तोडणारा सॉकेट) कधी तरी ट्रिप होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही, तेव्हा तापमानाचा अलार्म जरूर लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. घरचा फ्रीझर गोठलेलं मांस सांभाळतो. पन्नास किलो ताजं मांस एकदम गोठवणं त्याला झेपत नाही. चोवीस तासांत दर घनफुटाला २ ते ३ पौंड, एवढीच त्याची ताकद. ७ घनफुटांच्या पेटीत दिवसाला १४ ते २१ पौंड. त्याहून जास्त भरलंत तर मधली पाकिटं दोन-तीन दिवस अर्धवट मऊ राहतात. हळू गोठताना बर्फाचे खडे मोठे होतात, तंतू फाटतात, आणि वितळताना सगळा रस ताटलीत उतरतो. म्हणून खाटकाकडून दगडासारखं गोठलेलंच घ्या. पेटी २४ तास आधी रिकामी चालू करा आणि उणे १८ अंश सेल्सिअस झाल्याची थर्मामीटरने खात्री करा.

कापण्याचा तक्ता, म्हणजे 'कट शीट', भरताना आपल्या स्वयंपाकाचा विचार करा. नाहीतर निम्मी पेटी रोस्टच्या मोठ्या गोळ्यांनी भरते. इंदाल किंवा सुक्यासाठी चक रोस्टचे (खांद्याकडच्या मांसाचे) दीड इंची तुकडे मागा, निहारीसाठी शँक (पायाची नळी) आडवी दोन इंच जाड, आणि खिमा एक-एक पौंडाचा. व्हॅक्यूम पॅकला चार पैसे जास्त पडले तरी द्या. हवा लागली की मांसातला बर्फ थेट उडून जातो आणि करडे, कोरडे डाग पडतात. ते खाल्ल्याने अपाय नाही, पण चव गेलेली असते. पाकिटांवर 'नॉट फॉर सेल' असा शिक्का असेल तर ते मांस मालकाच्या, म्हणजे वाटा घेणाऱ्या तुमच्या, घरच्यांसाठीच असतं, शेजाऱ्याला विकता येत नाही.

रचताना तळाला रोस्ट आणि स्टेक, वर खिमा. खिम्याची चव तीन-चार महिन्यांत उतरू लागते, रोस्ट-स्टेक वर्षभर टिकतात. प्रत्येक प्रकार वेगळ्या रंगाच्या, उचलायला पट्टे असलेल्या कापडी पिशवीत भरा, म्हणजे तळापर्यंत जायला हात गोठत नाहीत. झाकणावर यादी चिकटवा आणि पाकीट काढलं की रेघ मारा.

वीज गेली तर झाकण उघडू नका. भरलेला फ्रीझर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. गावाला जाताना पेल्यात पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाला दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते फेकून द्या. वीज आल्यावर मांसात बर्फाचे खडे असतील किंवा ते ४ अंशांखाली असेल, तर पुन्हा गोठवायला हरकत नाही.

वितळवायचं ते फ्रिजच्या खालच्या फळीवर, ताटलीत. दोन किलोच्या तुकड्याला पूर्ण दिवस लागतो. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला, आणि असं वितळलेलं लगेच शिजवा. ओट्यावर रात्रभर ठेवू नका. बाहेरचा थर कोमट होतो आणि आत बर्फ तसाच असतो.