वीजकेंद्रात वीज कशी तयार होते, हे कसे समजून घ्यावे

औष्णिक, जल, अणू, पवन, सौर ही यादी पाठ करून वीजनिर्मिती समजत नाही. वीज जिथून बाहेर पडते तिथून सुरुवात करा आणि एकेक टप्पा मागे जा. कागदाच्या उजव्या कडेला ‘तारा’ असे लिहा आणि पुढचे सारे त्याच्या डावीकडे मांडत चला.

१. आधी जनित्राचे चित्र काढा

तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की तारेत विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले. जनित्रात, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रात, आजही तेच घडते. मधला रोटर हा फिरणारा विद्युतचुंबक असतो आणि त्याच्याभोवती स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, तांब्याची वेटोळी बसवलेली असतात. रोटरला दोनच ध्रुव असतील, तर ५० हर्ट्‌झची म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची वीज मिळवायला त्याला मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात. ४८ ध्रुव असतील तर १२५ फेरे पुरतात. म्हणून वाफेवरची जनित्रे लांबट आणि वेगवान असतात, पाण्यावरची रुंद आणि संथ.

हे हाताला जाणवून घ्यायचे असेल तर डायनॅमो लावलेल्या सायकलचे चाक हाताने फिरवा. दिव्याची तार जोडली की चाक जड होते. वीज वापरणारे वाढले की केंद्रातला रोटरही असाच जड होतो आणि वेग टिकवायला लगेच जास्त वाफ किंवा पाणी सोडावे लागते.

२. रोटरचा दांडा कोण फिरवतो ते शोधा

जनित्राच्या डावीकडे टर्बाइन, म्हणजे रोटर फिरवणारे पात्यांचे चाक, काढा आणि त्याच्या पात्यांवर काय आदळते ते लिहा: वाफ, तापलेला वायू, पाणी की वारा? केंद्राचा खरा प्रकार इथे ठरतो.

३. वाफेची केंद्रे एकत्र ठेवा

कोळसा आणि अणू ही दोन टोके वाटतात, पण दोन्हीकडे टर्बाइन फिरवते ती वाफच. फरक फक्त पाणी कशाने तापवले एवढाच.

कोळशाच्या केंद्रात कोळसा दळून मैद्यासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. बॉयलरच्या भिंती म्हणजे पाण्याच्या नळ्यांचीच रांग असते. तिथून सुमारे ५४० अंश सेल्सिअसची वाफ टर्बाइनमध्ये शिरते. सुरुवातीची पाती आखूड असतात. वाफ प्रसरण पावत जाते तशी पाती मोठी होत जातात, शेवटची तर मीटरभर लांब असू शकतात. मग कंडेन्सरमध्ये वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते बॉयलरकडे परतते.

अणुकेंद्रात भट्टीच्या जागी अणुभट्टी काढा. युरेनियमच्या अणूंचे विखंडन होऊन, म्हणजे ते फुटून, उष्णता निघते. दाबित पाण्याच्या भट्टीत पाणी ३०० अंशांच्या वर तापूनही प्रचंड दाबामुळे उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या बंद नळ्यांतल्या पाण्याला देते आणि त्या पाण्याची वाफ होते.

आता कंडेन्सरपासून बाहेर जाणारा एक जाड बाण काढा. हा बाण बहुतेक चित्रांत राहून जातो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाफेच्या केंद्रात इंधनाच्या ऊर्जेचा साधारण ३३ ते ४५ टक्के भागच वीज बनतो. उरलेल्यातला बराचसा कंडेन्सरमधून पाण्यात किंवा हवेत जातो. शीतकरण मनोऱ्यातून निघणारा पांढरा ढग धुराचा नसतो. ती वाफ आणि पाण्याचे थेंब असतात.

नैसर्गिक वायूच्या संयुक्त चक्र केंद्रात हा तोटा बराच कमी होतो. वायू जाळून आधी गॅस टर्बाइन फिरवतात आणि बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर वाफ करून दुसरे टर्बाइन चालवतात. चांगल्या केंद्रांची कार्यक्षमता ६० टक्क्यांवर जाते.

४. पाण्याचा हिशेब स्वतः करा

पाण्याचे वस्तुमान, पडण्याची उंची आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला की ऊर्जा मिळते. एक घनमीटर म्हणजे १,००० किलो पाणी १०० मीटरवरून खाली आले तर सुमारे ०.२७ युनिट होतात. टर्बाइन आणि जनित्रातली घट धरली तर एका युनिटला चार टन पाणी लागते! धरणे एवढी मोठी का बांधतात ते या आकड्यातून उमगते. पाणी खूप उंचावरून पण थोडे येत असेल तर पेल्टन टर्बाइन लावतात, मध्यम उंचीला फ्रान्सिस आणि कमी उंचीच्या मोठ्या प्रवाहाला काप्लान.

५. वारा आणि ऊन

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून पवनचक्कीसाठी जागेची निवड फार काटेकोरपणे करतात. त्या शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांहून जास्त काढताच येत नाही. सगळी काढली तर वारा पात्यांमागे थांबून राहील.

सौर पॅनलसाठी मात्र आतापर्यंतचे चित्र पुसा. इथे दांडा नाही, चुंबक नाही. प्रकाश सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे करतो, पॅनलमधल्या प्रत्येक सौरघटातले अंतर्गत विद्युतक्षेत्र त्यांना एका बाजूला ढकलते. एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून अनेक घट एकापाठोपाठ जोडतात. मिळणारी वीज एकदिश, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते. ती इन्व्हर्टर प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणारी, करतो.

६. शेवटी प्रत्येक चित्राखाली केंद्र सुरू व्हायला लागणारा वेळ लिहा

थंड पडलेले कोळशाचे केंद्र पूर्ण ताकदीला यायला कित्येक तास घेते, कारण जाड धातू सावकाशच तापवावा लागतो. जलविद्युत संच काही मिनिटांत येतो. पवन आणि सौर केंद्रांच्या खाली वेळ लिहिता येत नाही, तिथे ‘वारा असेल तेव्हा’, ‘ऊन असेल तेव्हा’ असे लिहा. मग त्यांच्या शेजारी वरखाली दोन जलाशय काढून दोन्ही दिशांचे बाण दाखवा: वीज जास्त असताना पाणी वर चढवायचे, कमी पडली की तेच पाणी टर्बाइनवर सोडायचे.