ई-रिक्षा आणि ऑटोंसाठी चार्जिंग यार्ड: नागपुरात बारा पॉइंटची सुरुवात कशी करायची

चार्जिंगचा धंदा म्हटलं की वर्धा रोडवरचं मोठं डीसी मशीन, म्हणजे कार झटपट भरणारा फास्ट चार्जर, डोळ्यांपुढे येतं. आधी त्याचा हिशेब करून पाहा. ६० किलोवॅटचं मशीन दिवसाला १,४४० युनिट देऊ शकतं. तीन गाड्यांनी प्रत्येकी २४ युनिट घेतली तर खप ७२ युनिटचा, म्हणजे क्षमतेच्या ५ टक्के. वीजबिलातला स्थिर आकार, जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण मशीनचा भरावा लागतो. असं मशीन समृद्धी महामार्गासारख्या लांबच्या रस्त्यावर शोभतं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या वाटेवर बॅटरी उतरलेला माणूस थांबणारच. नागपूरकर मात्र घरून फुल चार्ज करून निघतो.

शहरात खरी अडचण असते ती ज्याच्या घरासमोर गाडी लावायला जागा नाही त्याची. ई-रिक्षा, लिथियमचा ऑटो आणि डिलिव्हरीच्या स्कूटर चालवणारी माणसं दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून चार्ज करतात. त्यांना ठरलेली जागा, ठरलेला पॉइंट आणि सकाळी भरलेली बॅटरी हवी असते. २६ मे २०१७ रोजी नागपुरात २०० विद्युत वाहनांचा प्रयोग सुरू झाला तेव्हा चालकांची मोठी तक्रार चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगेची होती. दोन तास रांगेत गेले की तेवढी कमाई बुडाली. म्हणून यार्डाचा पहिला नियम: जितके पॉइंट तितकेच महिनेवारी ग्राहक. एका पॉइंटवर दोन रिक्षा नोंदवू नका.

जागा

चालक धंदा करतात तिथे जागा शोधू नका, ते राहतात तिथे शोधा. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली कितीही ई-रिक्षा दिसल्या तरी रात्री त्या पारडी, नंदनवन, जरीपटका अशा वस्त्यांत परततात. घरापासून यार्ड चालत दहा मिनिटांच्या आत असावं. त्यापेक्षा लांब असलं तर चालक गाडी ठेवून घरी कसा जाणार?

लग्नाचं लॉन स्वस्तात मिळतं, म्हणून मोह होतो. पण लग्नाच्या तिथींना तीच जागा रात्री भरलेली असते, आणि उन्हाळ्यात तिथी भरपूर. कळमना भागात रात्रपाळीचा चौकीदार आधीच असलेल्या गोदामाचं मोकळं आवार यापेक्षा कितीतरी बरं. का, ते पुढे हिशेबात दिसेल.

करार करण्याआधी मे महिन्यात रात्री ९ च्या सुमारास तिथलं व्होल्टेज मोजा. त्या वेळी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू असतात. फेज आणि न्यूट्रल या तारांमधलं व्होल्टेज २१० व्होल्टच्या खाली जात असेल तर त्या डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) आधीच ताण आहे. तुमचा भार चढला की ते आणखी पडेल. जानेवारीतली मोजणी इथे उपयोगाची नाही. भाडेकरार किमान पाच वर्षांचा करा, आणि मीटर, केबल व पॅनल तुमच्या मालकीचं राहील असं त्यात स्पष्ट लिहून घ्या.

भार आणि जोडणी

बारा पॉइंटचं उदाहरण घेऊ. लेड-ॲसिड ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा चार्जर लाइनवरून साधारण १.२ किलोवॅट घेतो, लिथियम ऑटोचा २.२ आणि स्कूटरचा ०.८. सहा रिक्षा म्हणजे ७.२, चार ऑटो ८.८, दोन स्कूटर १.६. एकूण १७.६ किलोवॅट. दिवे, कॅमेरा, पंखे यांचा एक किलोवॅट धरून २० किलोवॅटची थ्री फेज जोडणी मागा.

वाहनाची बॅटरी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे वीजविक्रीचा परवाना लागत नाही. महावितरणच्या दरपत्रकात चार्जिंग स्टेशनची वर्गवारी वेगळी आहे आणि अर्ज त्याच वर्गवारीत करायचा. जागेचा पुरावा किंवा भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. घरगुती मीटरवरून पैसे घेऊन चार्जिंग चालवू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

वायरिंग: इथे पैसे वाचवू नका

मेन स्विच म्हणून ६३ अँपिअरचा फोर पोल एमसीसीबी, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा मोठा ब्रेकर. मीटरपासून पॅनलपर्यंत २५ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, पण चारही कोर, म्हणजे आतल्या तारा, सारख्या जाडीच्या. दुकानदार साडेतीन कोरची, म्हणजे न्यूट्रल बारीक असलेली केबल पुढे करेल, ती घेऊ नका. स्वस्त चार्जर लाइनमध्ये हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या पटीतले जादा करंट सोडतात. तिन्ही फेजवर भार समान असला तरी हे तिसऱ्या पटीचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. अर्ध्या जाडीचा न्यूट्रल तापतो आणि शेवटी जोडापाशी तुटतो.

न्यूट्रल तुटला तर काही सॉकेटवर ३०० व्होल्टच्या वर दाब जातो आणि एका रात्रीत अर्धे चार्जर जळतात. म्हणून मेननंतर फेज-न्यूट्रल व्होल्टेज पाहणारा रिले आणि त्याच्या इशाऱ्यावर लाइन तोडणारा काँटॅक्टर बसवा, १८० च्या खाली आणि २६५ च्या वर बंद होईल असा. यार्डातली एवढी स्वस्त आणि एवढ्या कामाची वस्तू दुसरी नाही.

भार आर, वाय आणि बी या तीन फेजवर वाटताना प्रत्येक फेजवर दोन रिक्षा घ्या. आर आणि वायवर एकेक ऑटो व एकेक स्कूटर, बीवर उरलेले दोन ऑटो. म्हणजे ५.४, ५.४ आणि ६.८ किलोवॅट. पंखे-दिव्यांचा भार आरवर टाका.

प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र १६ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीबीओ (जादा करंट आणि गळती दोन्हींवर तुटणारा ब्रेकर) द्या, टाइप ए. साधा टाइप एसी घेऊ नका, कारण चार्जरमधल्या, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमुळे गळतीच्या करंटमध्ये डीसीचा अंश असतो आणि टाइप एसी तो नीट ओळखत नाही. सगळ्या बारा पॉइंटना मिळून एकच आरसीसीबी (फक्त गळतीवर तुटणारा स्विच) लावण्याची चूक फार होते. प्रत्येक चार्जरच्या फिल्टरमधून थोडी गळती होतच असते. पावसाळी दमट हवेत ती बेरीज ३० मिलिअँपिअरच्या जवळ गेली की रात्री दोनला सगळं यार्ड ट्रिप होतं, आणि सकाळी बाराच्या बारा गाड्या उपाशी. पॅनलपासून पॉइंटपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड न देता.

सॉकेट घरगुती मॉड्युलर नको. आठ तास सतत ७ ते ११ अँपिअर करंट वाहिला की त्याची पकड सैल होते, सैल झाली की तापते, आणि तापली की वितळते. १६ अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा आणि त्याला जुळणाऱ्या प्लगची एक मीटरची लीड प्रत्येक ग्राहकाला चार्जरसोबत करून द्या. दुसरा फायदा असा की बाहेरचा कोणी येऊन परस्पर चार्जर लावू शकत नाही.

पुढे टॅक्सी-कारसाठी ७.४ किलोवॅटचं टाइप टू (कारच्या प्लगचा एक प्रकार) मशीन जोडायचं असेल तर त्याला ४० अँपिअरची वेगळी लाइन लागते आणि अंतर वीस मीटरच्या वर असेल तर १० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. मशीनमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी गळती संरक्षण आहे का ते विकत घेतानाच विचारा. नसेल तर टाइप बी आरसीडी (डीसी गळतीही ओळखणारा स्विच) घ्यावा लागेल, आणि तो महाग पडतो.

अर्थिंग

नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात ती उत्तम अर्थिंग देते. नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, तीच माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रेझिस्टन्स कित्येक पट वाढतो. जुलैमध्ये घेतलेला अर्थ टेस्ट रिपोर्ट म्हणूनच फसवा ठरतो. दोन स्वतंत्र खड्डे करा. तीन मीटरच्या रॉडना एकमेकांपासून किमान तीन मीटर अंतर ठेवा, जागा असेल तर सहा. रॉडभोवती बेंटोनाइटचं (ओल धरणाऱ्या मातीचं) बॅकफिल कंपाउंड भरा, आणि मार्च ते जून दर आठवड्याला खड्ड्यात पाणी घाला. मे महिन्यात मोजलेला आकडा ५ ओहमच्या आत हवा. पूर्ण भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी न्यूट्रलचे जोड तपासा, मग अर्थिंग. कार चार्जर अर्थ फॉल्टचा लाल दिवा लावून अडून बसतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मशीनचा नसून इथला असतो.

मृगाआधीच्या वादळांत वीज पडते. मेनवर टाइप टू सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा आणि प्रत्येक वादळानंतर त्याच्यावरची रंग दाखवणारी खिडकी पाहा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर कार्ट्रिज बदला.

ऊन, ॲसिड आणि बॅटरीची जात

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून रिक्षा शेडच्या मोकळ्या बाजूला, सीट उघडी ठेवून, आणि सॉकेट बॅटरीच्या वर नसून बाजूला. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन यार्डातच विक्रीला ठेवा, नाहीतर लोक नळाचं पाणी घालतात आणि बॅटरी वर्षाच्या आत बसते.

चार्जर बॅटरीवर किंवा सीटवर ठेवू देऊ नका. जमिनीपासून एक मीटर उंचीवर जाळीचा रॅक करा. ४५ अंशांच्या दुपारी आलेल्या गाडीला आधी सावलीत अर्धा-पाऊण तास थांबू द्या, मगच चार्जिंग. गरम लिथियम पॅकचं बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) करंट कापतं किंवा चार्जिंग नाकारतं, आणि चालकाला वाटतं तुमचा पॉइंट बिघडला.

चार्जरची अदलाबदल पूर्ण बंद. लेड-ॲसिडचा ४८ व्होल्टचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. तेरा सेलच्या एनएमसी (लिथियम बॅटरीचा एक प्रकार) पॅकची कमाल मर्यादा ५४.६ व्होल्ट आहे. मग सगळा भार बीएमएसवर येतो आणि ते बिघडलं तर आग. चार्जर आणि गाडी, दोन्हींवर एकाच रंगाची पट्टी मारून ठेवली की चौकीदारालाही चूक दिसते.

दोन रांगांत दीड मीटरची वाट सोडा. मेन बंद करण्याचा स्विच शेडच्या आत नको, फाटकापाशी हवा.

वेळापत्रक

मे महिन्यात दुपारी १ ते ४ रस्ते ओस पडतात आणि ऑटोवाल्याला तसंही सावलीत थांबायचं असतं. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ हे सौर तास धरून चार्जिंग स्टेशनला त्या वेळी वीज स्वस्त ठेवायला सांगितलं आहे. चालू दरपत्रकातले तुमच्या वर्गवारीचे वेळेनुसारचे दर पाहून लिथियमचे ऑटो दुपारीच जास्तीत जास्त भरून घ्या. लेड-ॲसिडला हा उपाय लागू नाही. अर्धवट चार्जवर वारंवार चालवली की प्लेटवर सल्फेट चढतं. तिला रात्रीचे सलग आठ-दहा तास द्या. रिक्षा दोन तुकड्यांत लावा, तीन रात्री ९ ला आणि तीन साडेअकराला. पहिल्या तुकडीचा करंट उतरू लागतो तेव्हा दुसरीचा चढलेला असतो, त्यामुळे कमाल मागणी आटोक्यात राहते.

पैसे

सरसकट महिना ठरवू नका. बॅटरी जुनी झाली की ती जास्त वीज खाते, आणि काही जण घरची दुसरी बॅटरीही आणून लावतात. प्रत्येक पॉइंटला पॅनलच्या पट्टीवर बसणारा छोटा मीटर, म्हणजे डीआयएन रेल सबमीटर बसवा. जागेचे पैसे वेगळे, युनिटचे वेगळे.

सगळे आकार धरून युनिट ९ रुपयांना पडतं असं समजा. ५ टक्के तूट धरली की ९.४५. विक्री १३ रुपये, म्हणजे युनिटमागे ३.५५ रुपये सुटतात. रिक्षा रोज ७ युनिट, ऑटो दुपार-रात्र मिळून १०, स्कूटर ३. सगळी मिळून रोज ८८ युनिट. महिन्याला २६ दिवस धरले तर विजेवर सुमारे ८,१०० रुपये राहतात आणि जागेचे पॉइंटमागे ५०० प्रमाणे ६,००० येतात. एकूण १४,१००. यातून भाडं द्यायचं आणि देखभालही करायची, त्यामुळे रात्रीचा स्वतंत्र चौकीदार यात बसत नाही. म्हणून आधीच चौकीदार असलेली जागा हवी, किंवा पहिल्याच वर्षी पॉइंट पंचवीस-तीसपर्यंत न्यायचे. पॅनल आणि केबल टाकताना त्याचा विचार करून जागा मोकळी ठेवा. वर्षाची उलाढाल इथे सव्वाचार लाखांच्या आसपास आहे. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख असल्याने सुरुवातीला ती सक्तीची होत नाही. मर्यादा ओलांडल्यावर चार्जिंग सेवेला १८ टक्के लागतो, तो दरात आधीच धरा.

देखभाल

दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन जोड सैल होतात. पहिल्या महिन्याच्या शेवटी पॅनलमधला प्रत्येक स्क्रू कसा, नंतर दर तीन महिन्यांनी. हे काम मेन बंद करूनच करायचं. पूर्ण भारावर थर्मल गन फिरवा. एखादा जोड शेजारच्या जोडापेक्षा २० अंशांनी गरम असेल तर नुसता कसून भागत नाही, लग (केबलच्या टोकावरचा धातूचा तुकडा) कापून नवा दाबून बसवा, म्हणजे क्रिंप करा. ॲल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारला जोडताना दोन धातूंचा बायमेटॅलिक लगच हवा. आरसीबीओचं टेस्ट बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबा आणि वहीत सही करा. गोदामाच्या आवारात उंदीर असतातच, म्हणून पॅनलमध्ये केबल शिरते तिथली, केबल ग्लँडची उरलेली भोकं सील करा. लिथियमच्या गाडीतून धूर दिसला तर फाटकावरचा मेन बंद करून शेजारच्या गाड्या हलवायच्या, १०१ ला फोन करायचा, आणि दुरून भरपूर पाणी मारत राहायचं. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझतात पण पॅक आतून तापतच राहतो. म्हणून फाटकाजवळ पाण्याचा नळ आणि पूर्ण यार्डभर पोहोचेल एवढा पाइप कायम जोडलेला ठेवा.