पालकत्वाचा आदेश हातात आला, तरी अर्ज अडतो: या चुका टाळा

आईवडिलांनी टाकलेलं मूल अमेरिकेत मामाकडे किंवा मावशीकडे राहतं, राज्याचं न्यायालय मावशीला पालक नेमतं आणि घरच्यांना वाटतं, झालं काम. पहिली चूक इथेच होते. त्या आदेशावर शाळेत नाव घालता येतं, दवाखान्यात सही करता येते, पण देशात राहण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी १९९० पासून कायद्यात असलेल्या ‘स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल’ (छळ, हेळसांड किंवा परित्याग सोसलेल्या परदेशी मुलांसाठीच्या) तरतुदीखाली यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-३६० हा वेगळा अर्ज करावा लागतो. तो अर्ज उभा राहतो राज्याच्या न्यायाधीशाने लिहिलेल्या निष्कर्षांवर.

निष्कर्ष तीन लागतात. मुलाचा ताबा किंवा पालकत्व न्यायालयाने कुणाकडे तरी सोपवलेलं असावं. छळ, हेळसांड किंवा परित्याग यामुळे एका किंवा दोन्ही पालकांकडे परतणं शक्य नसावं. आणि मायदेशी परत पाठवणं मुलाच्या हिताचं नसावं. ‘मावशीला पालक नेमण्यात येत आहे’ एवढ्याच ओळीचा आदेश या कामी निरुपयोगी आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते मोघम भाषेमुळे. ‘वडील संपर्कात नाहीत’ असं लिहून भागत नाही. मूल चार वर्षांचं असताना वडील घर सोडून गेले, त्यानंतर खर्चाला पैसे पाठवले नाहीत, फोन केला नाही, आणि राज्याच्या अमुक कलमानुसार हा परित्याग ठरतो, असं आदेशातच यायला हवं. कलम राज्याच्या कायद्याचं हवं. केंद्रीय कायद्याचे शब्द जसेच्या तसे उतरवलेले आदेश कच्चे ठरतात. वडील वारले असतील तर त्यांचा मृत्यू राज्याच्या कायद्यात परित्यागासारखा का धरला जातो, हेही लिहून घ्या. न्यायालयात जाण्याचं एक मुख्य कारण मुलाचं संरक्षण हेच होतं, असं कागदांवरून दिसलं पाहिजे. ‘ग्रीन कार्ड मिळावं म्हणून’ असं विनंतीअर्जात लिहिणं स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणं आहे.

न्यायाधीशच कधी कधी म्हणतात, इमिग्रेशनचा प्रश्न आमच्यापुढे आणू नका. अशा वेळी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल उपयोगी पडतो. भारतातून आलेल्या एका मुलाचा मामला होता, ताबा मागणारे त्याचे नातेवाईक होते. न्यायालयाने सांगितलं की, कौटुंबिक न्यायालयाने आई आणि वडील दोघांबद्दल स्वतंत्र निष्कर्ष नोंदवावेत. मुलाला ‘स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल’ दर्जा द्यायचा की नाही, ते केंद्र सरकार पाहील. दुसऱ्या राज्यात हा निकाल बंधनकारक नाही, पण वकिलाला दाखवण्यासारखा नक्कीच आहे.

वयाबाबत गाफील राहू नका. आय-३६० एकविसावं वर्ष पूर्ण होण्याआधी पोहोचावा लागतो, पण बऱ्याच राज्यांत पालक नेमण्याची मुदत अठराव्या वाढदिवसालाच संपते. न्यूयॉर्कमध्ये मुलाच्या संमतीने एकविसापर्यंत पालक नेमता येतो, कॅलिफोर्नियातही तशी सोय आहे. आपल्या राज्याचा नियम आजच विचारा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत लग्नही करायचं नाही.

वडील भारतात असतील तर नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होऊ नका. परदेशातून टपालाने न्यायालयीन कागद बजावण्याला भारताने हेग करारात (परदेशात कागद बजावण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) हरकत नोंदवलेली आहे, आणि दिल्लीच्या केंद्रीय यंत्रणेमार्फत गेलं तर वेळ लागतो. नोटरीसमोर त्यांची लेखी संमती मिळणार असेल, तर ती चालेल का हे वकिलाला सुरुवातीलाच विचारा. मराठी जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर करताना भाषांतरकाराचं प्रमाणपत्रही जोडा.

आणि अर्ज करण्याआधी गावाकडच्या आईशी स्पष्ट बोला. या मार्गाने ग्रीन कार्ड मिळालेलं मूल पुढे नागरिक झालं, तरी जन्मदात्या आईवडिलांसाठी त्या नात्यावर अर्ज करू शकत नाही. दोष फक्त वडिलांचा असला, तरी आईलाही हा नियम लागू होतो.