व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' अधूनमधून बघत जा

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर घाईत व्हॉट्सॲप वेब उघडलं, फाईल घेतली, टॅब बंद केला की वाटतं झालं काम, पण नुसता टॅब बंद करून लॉगआऊट होत नाही हो, नंतर तिथे बसणाऱ्याला तुमचे चॅट तसेच दिसू शकतात. म्हणून फोनमधल्या व्हॉट्सॲपमधे लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप जिथे जिथे जोडलेलं आहे त्या डिव्हाइसची यादी, उघडा, ओळखीचं नसेल त्यावर टॅप करून लॉगआऊट करा. फोनसोबत एकावेळी ४ डिव्हाइस जोडता येतात आणि फोन बंद असला तरी ती चालूच राहतात, १४ दिवस फोन वापरलाच नाही तर मात्र आपोआप सुटतात. प्रत्येकापुढे शेवटची ॲक्टिव्ह वेळ दिसते, मला तीच सगळ्यात कामाची वाटते. आईबाबांच्या फोनमधेही एकदा बघाच.