एसटीची निर्लेखित बस लिलावात घेताना : नागपूरकरांसाठी

निर्लेखित, म्हणजे एसटीनं सेवेतून काढलेली, बस बघायला जाण्याआधी तिचा नोंदणी क्रमांक आणि पहिल्या नोंदणीची तारीख मागवून घ्या. बस चालू आहे की बंद, हा प्रश्न नंतरचा. तिचं पुढे काय करता येईल हे कागद ठरवतो, आणि पैसे अडकतात तेही कागदातच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार सरकारी खाती, महापालिका आणि राज्य परिवहन उपक्रम यांच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. अशी वाहनं नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायची असतात. त्यामुळे अशा बसच्या लॉटवर (लिलावात एकत्र विकायला काढलेल्या गटावर) बोली लावू नका. तिथून सीट, खिडक्या, दारं असं सुटं सामान मात्र केंद्राकडून घेता येतं. 'पासिंग करून देतो' म्हणणारा दलाल भेटला तर त्याला अनामत देऊ नका. १५ वर्षांवरच्या एसटीला रस्ता नाही, हे पक्कं धरून चाला.

उरतात दोन प्रकार. एक, वय कमी आणि नोंदणी जिवंत असलेली बस. दुसरा, नोंदणी रद्द करून भंगार म्हणून विकलेला, पण सर्वांना खुला असलेला लॉट. शेतावर खोली, दुकान किंवा वाचनालय करायचं असेल तर दुसरा प्रकार पुरतो, फक्त नोंदणी रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत हातात हवी.

पहिल्या प्रकारात मालकी बदलाचे नेहमीचे २९-३० नंबरचे फॉर्म चालत नाहीत. जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनासाठी फॉर्म ३२ असतो आणि तो ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओकडे द्यावा लागतो. सोबत आरसी, विमा, विक्री कायम केल्याचा आदेश आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची साक्षांकित प्रत लागते. ही शेवटची प्रत डिलिव्हरी ऑर्डर (बस उचलायची लेखी परवानगी) घेतानाच मागा, नंतर ती मिळवायला हेलपाटे पडतात. परमिट बसबरोबर येत नाही. आठ वर्षांवरच्या बसला फिटनेस दरवर्षी. नंबरप्लेटही नीट वाचा: हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बांधलेल्या बसवर बहुधा एमएच ४० असतो, पुण्याजवळच्या दापोडी कार्यशाळेतल्या बसवर एमएच १४, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा कार्यशाळेतल्या बसवर एमएच २०. बस विदर्भात आयुष्यभर धावली असली तरी नोंदणी बाहेरची असेल तर एनओसी (ना हरकत दाखला) तिथल्या आरटीओची लागेल. तो वेळ धरूनच पुढची कामं ठरवा.

ई-लिलावासाठी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीदार म्हणून नोंदणी निदान दोन आठवडे आधी उरका. मग लॉटचं वर्णन शब्दन्‌शब्द वाचा. 'टायर-बॅटरीविना' लिहिलं असेल तर बस जागेवरून ढकलताही येणार नाही. विक्री नगावर असेल तर प्रश्न नाही. मेट्रिक टनावर असेल तर रिकामा ट्रेलर आणि भरलेला ट्रेलर एकाच धरमकाट्यावर तोला, दोन्ही पावत्या ठेवा. 'मंजुरीच्या अधीन' असेल तर सर्वांत वरची बोली तुमची असूनही बस तुमची झालेली नसते, आणि निर्णय होईपर्यंत अनामत अडकून राहते. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो आणि भलेभले वाहवत जातात. म्हणून कमाल आकडा आधीच लिहून ठेवा, तोही सगळा खर्च धरून. भंगाराच्या लॉटवर २,००,००० ची बोली लागली तर १८ टक्के जीएसटीचे ३६,००० वेगळे, टीसीएस (विक्रेत्यानं वसूल करायचा आयकर) वेगळा, वाहतूक वेगळी.

आता पाहणी. विक्री 'जसे आहे, जिथे आहे' तत्त्वावर असते, नंतरची तक्रार कुणी ऐकत नाही. टॉर्च, पेचकस, छोटी हातोडी, लोहचुंबक आणि जुने कपडे न्या, कारण बसखाली शिरावंच लागतं. जुन्या एसटीचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि आतला सांगाडा लोखंडी असतो. हे दोन धातू जिथे टेकतात तिथे ओल राहिली की ॲल्युमिनियम झिजतं, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते आणि पत्रा दाबला की खडखडतो. वरून रंग चकचकीत असला तरी त्यावर जाऊ नका. पायरीच्या खाली, मागच्या चाकाच्या कमानीत, बॅटरीच्या पेटीमागे आणि खिडकीच्या खालच्या चॅनेलमध्ये पेचकस टोचा; आत गेला तर तो खांब बदलावा लागेल. मग चासीच्या दोन लांब बीमवर हात फिरवा, विशेषतः स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट बसवलेत तिथे. आडवा तडा किंवा नंतर मारलेला वेल्डिंगचा पट्टा दिसला तर ती बस रस्त्यासाठी घेऊच नका. फिरत्या बसमध्ये तो जिवाचा धोका आहे. खोलीसाठी घेत असाल तर चालून जाईल. चासी नंबर कोरलेला आहे का आणि कॅटलॉगशी जुळतो का, तेही फोटो काढून पडताळा.

उचलण्याची मुदत ठरलेली असते, ती चुकली की जागाभाडं चढतं. नोंदणी रद्द झालेली बस चालवून नेता येत नाही, लोबेड (बुटक्या फळीचा) ट्रेलरच लागतो. वाडी किंवा कापसीकडे चौकशी करा. टोचन करायचंच, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढायचंच असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीकडे जाणारा दांडा) आधी उतरवा, नाहीतर तेल न फिरता गिअरबॉक्स भाजतो. स्प्रिंग ब्रेकच्या बसमध्ये हवा संपली की मागची चाकं जाम होतात. ब्रेक चेंबरचा बोल्ट आवळून स्प्रिंग मागे घेतल्याशिवाय ओढू नका. टायर नसतील तर दोन हायड्रा (क्रेन) लावा. पट्टे चासीखालून घ्या आणि वर आडवा बीम ठेवा, नाहीतर पट्टे छताकडे आवळले जाऊन खिडक्यांची चौकट चेपते. शहरातले रेल्वेखालचे बोगदे टाळा. लोबेडवर चढलेली बस नरेंद्रनगरच्या किंवा लोहापुलाच्या खालून नेण्याचा विचारही करू नका. वाटेतल्या विजेच्या तारांची उंची आदल्या दिवशी फिरून बघा.

शक्यतो मे संपण्याआधी उचला. जूनमध्ये काळी माती फुगली की ट्रेलर यार्डातही रुततो आणि तुमच्या शेतातही. बस ठेवायच्या जागी मुरूम टाकून रोलरने दाबून घ्या आणि भार चासीखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर द्या, टायरवर नको. जागा स्वतःची असली तरी शहरात मनपा किंवा नासुप्रला (नागपूर सुधार प्रन्यास), बाहेर एनएमआरडीएला (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) परवानगी विचारा. रस्त्याकडेला उभी केली तर ते अतिक्रमण. नागपूरच्या उन्हात पत्र्याची खोली भट्टीसारखी तापते, म्हणून छतावर हातभर उंचीवर दुसरं छत करा, मधून वारा खेळू द्या. आतमध्ये वीज घेणार असाल तर आधी सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, मगच पंखा-कूलर जोडा.