एचआयव्ही, व्यसन आणि मायक्रोग्लिया : संशोधनासाठी निधी मागताना या चुका टाळा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मेंदूच्या संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. भारतात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगतात. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढांच्या कितीतरी पट आहे. औषधांनी रक्तातला विषाणू दबला तरी काहींची स्मृती आणि एकाग्रता घसरत राहते. मेंदूत कायम वस्तीला असणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, यांचा संबंध इथे येतो. विषय इतका मोलाचा असूनही प्रस्ताव परत येतात. त्यात बहुतेक वेळा पेशी, विषाणू आणि नशेचा पदार्थ अशी तीन प्रकरणे सुटी लिहिलेली असतात, आणि तिघे नेमके कुठे एकत्र येतात ते सांगायचे राहून जाते.

जीवशास्त्रातल्या चुका

‘एचआयव्ही चेतापेशींना मारतो’ या वाक्याने सुरुवात करू नका. विषाणू चेतापेशींत वाढत नाही. तो मायक्रोग्लियात आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये) शिरतो, कारण सीडी४ आणि सीसीआर५ ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने, म्हणजे विषाणूची दारे, तिथे आहेत. चेतापेशींचे नुकसान होते ते या पेशींतून बाहेर पडणाऱ्या टॅट, जीपी१२० यांसारख्या विषाणू-प्रथिनांमुळे आणि दाहकारक रसायनांमुळे. हे नीट मांडले की प्रश्नही टोकदार होतो. ‘व्यसनात मायक्रोग्लियाची भूमिका अभ्यासणे’ याला परीक्षक प्रश्न मानत नाहीत. ‘मॉर्फिनमुळे मायक्रोग्लियातला सुप्त विषाणू जागा होतो का, आणि कोणत्या मार्गाने?’ हा प्रश्न आहे.

उंदराच्या मायक्रोग्लियाची बीव्ही-२ ही पेशीरेषा घेऊन एचआयव्हीचा संसर्ग दाखवू, असे लिहिणारे अजूनही भेटतात. एचआयव्ही उंदराच्या पेशींत शिरतच नाही. उंदीरच हवा असेल तर मानवी पेशी रुजवलेला उंदीर किंवा इकोएचआयव्ही हा संकरित विषाणू, आणि पेशीच हव्या असतील तर मूळपेशींपासून तयार केलेले मानवी मायक्रोग्लिया. टॅट किंवा जीपी१२० बाहेरून घालण्याचा प्रयोग चालतो, पण त्याला संसर्ग म्हणू नका.

मायक्रोग्लियाची ‘एम१’ (दाह वाढवणाऱ्या) आणि ‘एम२’ (दाह शमवणाऱ्या) अशी दोनच खाती करण्याचा मोहही सोडा. २०२२ साली या क्षेत्रातल्या मोठ्या गटाने ही विभागणी टाकून द्या, असे एकमताने लिहिले आहे. मायक्रोग्लिया ओळखताना केवळ आयबीए१ या खूण-प्रथिनावर भिस्त ठेवू नका. बाहेरून आलेले मॅक्रोफेजही ते दाखवतात. सोबत टीएमईएम११९ आणि पी२आरवाय१२ या खुणाही तपासा. आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: मेंदूची ऊती ३७ अंशांवर विकरांनी (एन्झाइमांनी) सुटी करताना मायक्रोग्लिया आपोआप उत्तेजित होतात. मग निष्कर्षात दिसते ती दाहकता रोगाची की तुमच्या परीक्षानळीतली? थंड तापमानात काम करणार की लिप्यंतर (जनुकावरून आरएनए बनणे) रोखणारे रसायन वापरणार, ते पद्धतीच्या भागातच लिहा.

तुलनेचे गट

फक्त ‘एचआयव्ही अधिक मॉर्फिन’ विरुद्ध ‘निरोगी’ अशी तुलना केली तर काहीच सिद्ध होत नाही. किमान चार गट हवेत: दोन्ही नाही, फक्त विषाणू, फक्त पदार्थ, दोन्ही. शिवाय एआरटीचा, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे चालू असलेला, गट लागतोच, कारण आज बहुतेक रुग्ण टीएलडीसारख्या (तीन औषधांची एक गोळी) औषधांवर आहेत आणि खरा प्रश्न उपचार चालू असताना उरणाऱ्या दाहाचा आहे. नमुन्यांची संख्या विषाणू आणि पदार्थ यांच्या परस्परक्रियेसाठी काढा. ती एकट्या घटकासाठी लागणाऱ्या संख्येहून बरीच मोठी निघते.

आपल्याकडचे खास बलस्थान मात्र बहुतेक प्रस्तावांत रिकामेच राहते. भारतात एचआयव्हीचा सी उपप्रकार प्रबळ आहे, आणि त्याच्या टॅट प्रथिनात ३१व्या जागी सिस्टीनऐवजी सामान्यतः सेरीन असते. हा बदल चेतापेशींवरच्या विषारीपणाशी जोडला गेला आहे. पाश्चात्त्य बी उपप्रकारावरचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलण्यापेक्षा माझ्या मते हाच फरक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असावा.

कोणाकडे काय मागता

अमेरिकेतली नायडा ही संस्था अंमली पदार्थांच्या संशोधनाला पैसा देते. एचआयव्ही आणि ओपिऑइड (मॉर्फिनसारखे पदार्थ) यांचा परिणाम एकेक पेशी वेगळी तपासून अभ्यासणारा ‘स्कॉर्च’ हा तिचाच कार्यक्रम. पण दारूवरचा प्रस्ताव तिच्याकडे नेऊ नका, त्यासाठी एनआयएएए ही वेगळी संस्था आहे. मे २०२५ मध्ये या दोन्हींची पालक संस्था एनआयएचने परदेशी भागीदारांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवून नवी रचना जाहीर केली. त्यामुळे अमेरिकी भागीदाराच्या जुन्या पत्रावर विसंबू नका, चालू सूचना स्वतः वाचा. भारतात आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), जैवतंत्रज्ञान विभाग, एएनआरएफ (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) आणि इंडिया अलायन्स या निधी देणाऱ्या संस्थांचे दरवाजे आहेत. परदेशी भागीदारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा.

मॉर्फिन, मेथॲम्फेटामिन हे अंमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायदा, १९८५ खाली येतात. ‘पहिला महिना : खरेदी’ असे लिहिले की परीक्षकाला लगेच कळते, परवानगीचा विचारच झालेला नाही. जिवंत विषाणू वाढवायला बीएसएल-३, म्हणजे तिसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षेची, प्रयोगशाळा लागते. ती स्वतःकडे नसेल तर पुण्याच्या आयसीएमआरच्या एड्स संशोधन संस्थेसारख्या ठिकाणाशी सहकार्याचे पत्र आधी घ्या. खर्चात आयएल-३४ आणि एम-सीएसएफ या मायक्रोग्लिया जगवणाऱ्या प्रथिनांचा वारंवार येणारा खर्च हमखास कमी धरला जातो. कोरड्या बर्फातली आयात एप्रिल-मेमध्ये बडोद्यात मागवू नका.

माणसांशी बोलण्याची भाषा

रुग्णांचे नमुने घेणार असाल तर एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ नुसार संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे. बडोद्यात संमतिपत्र आधी गुजरातीत, मग हिंदी-मराठीत करा, आणि त्यात ‘व्यसनी’, ‘एड्सग्रस्त’ हे शब्द नकोत. ‘ओपिऑइड वापरणारी व्यक्ती’, ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ असे लिहा. शिवाय नशेच्या वापराची माहिती नावाशी जोडलेल्या फाइलमध्ये ठेवू नका. सांकेतिक क्रमांकाची किल्ली कोणाकडे राहील आणि ती केव्हा नष्ट होईल, हेही लिहा. नैतिकता समिती ते विचारतेच, आणि ज्याने रक्त दिले त्यालाही ते विचारण्याचा हक्क आहे.